पाय थकले तरी डिफेन्सचं नाव कसं राखावं

अभिनंदन. तुम्ही तेहतिशी ओलांडलीत, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे चौदा-पंधरा हंगाम पचवलेत, आणि परवा एक बावीस वर्षांचा पोरगा तुमच्या डाव्या खांद्याजवळून असा निसटला की तुम्ही मान वळवेपर्यंत त्याचा ले-अप रिंगमधून खाली आला होता. घाबरू नका. ऑफेन्स उतरला की त्याच रात्री बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, उघडा पडतो. डिफेन्सचं तसं नसतं. तुम्ही जागेवर पोचला नाहीत म्हणून गेलेल्या दोन गुणांपुढे तुमचं नाव कुणी लिहीत नाही. लिहितात ते स्टील, ब्लॉक, रिबाउंड आणि फाउल. तेव्हा जिथे नोंद होते तिथे राबा, बाकी ठिकाणी विसावा घ्या. पुढे फक्त तपशील.

पहिलं काम सामना सुरू होण्याआधीचं: आपला माणूस निवडा. समोरच्या पाचांत बाहेरून शूट न करता येणारा एखादा असतोच. तो तुमचा. २००८ आणि २०१० च्या फायनल्समध्ये लॉस एंजलिस लेकर्सनी आपल्या स्टार कोबी ब्रायंटला बोस्टनच्या रेजॉन राँडोवर ठेवलं होतं. राँडो पॉइंट गार्ड, चेंडू कायम त्याच्या हातात, पण लांबचा शॉट कच्चा. कोबी त्याच्यापासून ऐसपैस मागे थांबायचा आणि मधल्या वाटा बुजवायचा. तो डाव डोक्यानं खेळलेला होता, हे मान्य करायला हवं. तुम्ही त्यातलं फक्त मागे थांबणं उचला. समोरच्या खऱ्या स्कोअररचं काय? त्यासाठी व्यवस्थापनाला सांगून एक दणकट विंग, म्हणजे बाजूनं खेळणारा गडी, आणवून घ्या. लेकर्सनी २००९ मध्ये रॉन आर्टेस्टला आणलंच होतं. रात्रभर मार तो खाईल आणि फाउलही त्याच्याच खात्यावर चढतील. तुमच्याबद्दल समालोचक म्हणतील, ‘बघा, सगळ्या कोर्टावर नजर आहे.’

कोपऱ्यातल्या शूटरवर मात्र चुकूनही जाऊ नका. तिथे थ्रीची, म्हणजे तीन गुणांच्या शॉटची, रेषा समोरच्या २३ फूट ९ इंचांऐवजी २२ फुटांवर असते, म्हणजे शूटर आधीच खुशीत. शिवाय चेंडू पलीकडच्या बाजूला असला की तळातला मदतनीस तुम्हीच. पिक-अँड-रोल झाला, म्हणजे सेंटर तुमच्या सोबत्याची वाट अडवून मग रिंगकडे सुटला, की त्या धावणाऱ्या सेंटरला छातीनं अडवायचं, पास कोपऱ्यात गेला की तिथेही तुम्हीच धावायचं. एका पझेशनमध्ये, म्हणजे समोरच्यांच्या एका हल्ल्यात, दोन धावा आणि दोन ब्रेक. वयानं आधी धावणं जात नाही, थांबणं जातं. सरळ रेषेत तुम्ही अजून पोरांना गाठाल. पण पूर्ण वेगात येऊन अडीच पावलांत थांबायचं, कंबर खाली ठेवायची आणि लगेच आडवं सरकायचं, तर सगळा भार मांडीचे पुढचे स्नायू आणि गुडघा घेतात. आणि त्या गुडघ्यानं हजाराच्या वर सामने बघितलेले असतात, प्लेऑफ धरून.

त्यामुळे क्लोज-आउटची, म्हणजे शूटरवर धावून जाण्याची, तुमची पद्धत ठरवून घ्या. कोच शिकवतात ती अशी: दोन तृतीयांश अंतर जोरात, मग बारीक बारीक पावलं, एक हात शॉटच्या बाजूला वर, वजन मागे, कारण शूटरनं शॉटची हूल देऊन ड्रिबल टाकला तर मागे सरकता आलं पाहिजे. तुम्ही यातला मधला भाग गाळा. थेट धावत या, हात वर करा, उडी मारा आणि शूटरच्या बाजूनं तसेच प्रेक्षकांत जा. लांबून केवढी जिद्द दिसते! शूटर एक ड्रिबल टाकून तुमच्या मोकळ्या जागेतून आत जातो, मागे चौघे पाचजणांना आवरत बसतात आणि शेवटी सेंटरवर फाउल लागतो. तोवर तुम्ही पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाची विचारपूस करून परत आलेले असता.

पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, उभं राहून दम खावासा वाटेल. जरूर खा, पण घड्याळ लावून. २००१-०२ पासून लीगनं झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, परवानगी दिली आणि त्याच वेळी डिफेन्सिव्ह थ्री सेकंदचा नियम आणला: हाताच्या अंतरावर कुणी नसताना १६ फुटी पेंटमध्ये सलग तीन सेकंद थांबलात, तर समोरच्यांना एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांचाच. यावर तरुण खेळाडू ‘टू-नाइन’ करतात, म्हणजे २.९ सेकंद मोजून बाहेर एक पाय टाकून परत आत. तुम्हीही तेच करा. ही तुमची एकमेव सततची पायपीट असेल, तेव्हा ती मन लावून करा.

आता स्क्रीन, म्हणजे चेंडूवाल्याच्या सोबत्यानं तुमच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहणं. थकल्या डिफेंडरला स्क्रीन म्हणजे भर उन्हात सापडलेली झाडाची सावली. नियमाप्रमाणे वरून जायचं तर पुढचा पाय स्क्रीन लावणाऱ्याच्या पायापलीकडे टाकायचा, खांदा तिरका करायचा, अंग चोरून निघायचं आणि चेंडूवाल्याच्या कमरेला चिकटून मागून दबाव ठेवायचा. खालून गेलात तर तो थांबून थ्री टाकणार. तुम्ही वरूनही जाऊ नका, खालूनही नको. धडका, ‘आह’ म्हणा, दोन्ही हात पसरा आणि रेफरीकडे बघा. दोन सेकंद आरामात निघतात. त्या दोन सेकंदांत मागे ड्रॉपमध्ये, म्हणजे रिंगजवळ थांबून, उभ्या असलेल्या सेंटरवर एकदम दोघं येतात, एक चेंडू घेऊन आणि एक पाससाठी उडायला तयार. तो चेंडूकडे सरकला की लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच पास; थांबला की फ्लोटर, म्हणजे त्याच्यावरून अलगद उंच शॉट. दोन्ही वेळा रीप्लेमध्ये शेवटच्या फ्रेमला दिसतो तो सेंटर. तुम्ही फ्रेमबाहेर. सेंटरच्या पाठीवर थाप मारायला विसरू नका, कर्णधाराला ते शोभतं.

स्क्रीनशी झगडायचं नसेल तर स्विच. स्विच म्हणजे माणसांची अदलाबदल, आणि ती करण्याचं खरं काम आवाजाचं असतं: स्क्रीन पोचायच्या आधी ओरडायचं, दोघांनीही एकाच क्षणी पुढे यायचं, मध्ये फट राहू द्यायची नाही. तुम्ही उशिरा ओरडा. स्क्रीन झाल्यावर, चेंडू निघून गेल्यावर, आणि सोबत बोट दाखवा. बोट दाखवण्याचं शास्त्र कमी लेखू नका. ज्यानं बोट दाखवलं त्याला डाव कळला होता आणि ज्याच्याकडे दाखवलं त्याला कळला नव्हता, असा टीव्हीवरचा अलिखित कायदा आहे. उंटावरून शेळ्या हाकण्यासाठी बास्केटबॉलइतका सोयीचा खेळ दुसरा नाही.

स्टील हा तर तुमचा पगारी नोकर. हंगामात सरासरी दीड स्टील दिसले की ‘हात अजून चपळ आहेत’ असा लेख येतोच. पासच्या वाटेत झेप घ्यायची. लागली तर पलीकडे मोकळा डंक, हुकली तर इकडे पाच विरुद्ध चार. हुकलेल्या झेपांचा रकाना बॉक्स स्कोअरमध्ये नाही, हे पुन्हा लक्षात असू द्या.

ब्लॉकचं थोडं जपून. लेब्रॉन जेम्सनं १९ जून २०१६ रोजी फायनल्सच्या सातव्या सामन्यात, ८९-८९ अशा बरोबरीत, शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना मागून धावत येऊन आंद्रे इग्वोडालाचा ले-अप बोर्डावर चिरडला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि त्या धावेत खोट काढणारा करंटाच. पण तुम्ही धडा निराळा घ्या: मागून ब्लॉक करायला मागे असावं लागतं. त्याच लेब्रॉनच्या क्लीव्हलँडचा डिफेन्स २०१७-१८ च्या हंगामात ३० संघांत २९ वा होता. तो स्वतः त्या वर्षी कारकिर्दीत प्रथमच सगळे ८२ सामने खेळला, ऑफेन्सचा गाडा एकट्यानं ओढला, आणि पाय कुठे वाचवायचे ते त्यानं हिशेबानं ठरवलं. हिशेब चुकला असंही म्हणवत नाही, कारण संघ फायनल्सला गेला. त्या वाटेवर, एप्रिलमध्ये, इंडियानाविरुद्धच्या पाचव्या सामन्यात त्यानं व्हिक्टर ओलाडिपोचा ले-अप बोर्डावर अडवला आणि लगेच शेवटच्या क्षणी थ्री टाकून सामना ९८-९५ असा जिंकला. तो ब्लॉक गोलटेंडिंग, म्हणजे नियमबाह्य, होता, चेंडू आधी बोर्डाला लागला होता, असं लीगच्याच अहवालात दुसऱ्या दिवशी छापून आलं. अहवाल किती जणांना आठवतो? महाराष्ट्रात हे सामने पहाटे-सकाळी लागतात आणि बहुतेक चाहते न्याहारीला हायलाइट्स बघतात. हायलाइट्समध्ये तुम्ही फक्त ब्लॉक करता. बाकीची ४७ मिनिटं तुम्ही खेळतच नाही.

बास्केट खाल्लं की लगेच रेफरीशी वाद घालायची सवयही लावून घ्या, मग परत धावत यायला लागत नाही. पुढच्या हल्ल्यात तुमचा माणूस मोकळा सुटेल, पण तुम्ही न्यायासाठी भांडत होता.

आकडेवाल्यांना तोंड द्यायचं तर डिफेन्सिव्ह रेटिंग समजून घ्या: तुम्ही कोर्टवर असताना शंभर पझेशनमागे संघानं खाल्लेले गुण. आकडा पाचही जणांचा मिळून असतो, आणि समोरच्यांचे थ्री त्या महिन्यात किती पडले यावर बराच हलतो. चांगला आला तर तुमचा, वाईट आला तर सामुदायिक. २०१३-१४ पासून प्रत्येक एनबीए मैदानात छताला खेळाडूंची हालचाल टिपणारे कॅमेरे लागले, ही गैरसोय खरी. डिफेन्सला तुम्ही किती हळू चालता ते आता मोजलं जातं. त्याला ‘ऊर्जेचं नियोजन’ म्हणा.

प्लेऑफमध्ये मात्र सोंग उघडं पडतं, कारण सात सामने एकच संघ तुमच्याकडे टक लावून बघत असतो. ते तुम्ही कुणावर आहात ते हेरतात आणि त्यालाच स्क्रीन लावायला पाठवतात, पुन्हा पुन्हा, तुम्ही स्विच होईपर्यंत. २०१६ च्या त्याच सातव्या सामन्यात, त्या ब्लॉकनंतर मिनिटभरानं, क्लीव्हलँडनं असंच स्क्रीन लावून स्टेफ करीला कायरी अर्व्हिंगसमोर आणलं आणि अर्व्हिंगनं त्याच्यावरून विजयाचा थ्री टाकला. करी तेव्हा जेमतेम अठ्ठाविशीचा. तुमचं काय होईल! उपाय म्हणून सोबत्याला आधीच बजावून ठेवा की स्क्रीन लावायला तुमचा माणूस निघाला की त्यानं वाटेतच तो माणूस घ्यावा आणि आपला तुम्हाला द्यावा. तरी सापडलातच तर अर्धं पाऊल बाजूला होऊन त्याला सेंटरकडे वाट करून द्या. फाउल करू नका, फाउलची नोंद होते.

राहता राहिला पुरस्कार. कोबी ब्रायंटची ऑल-डिफेन्सिव्ह संघात, म्हणजे हंगामातल्या उत्तम डिफेंडरांच्या मानाच्या यादीत, बारा वेळा निवड झाली, त्यातली नऊ वेळा पहिल्या संघात. मे २०११ मध्ये, बत्तिसाव्या वर्षीही, तो पहिल्या संघात होता. त्याच महिन्यात डॅलसनं लेकर्सना चार सामन्यांत गुंडाळलं होतं, शेवटच्या सामन्यात २० थ्री टाकून, १२२-८६. मतं नियमित हंगामाची असतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध लावणं अन्याय आहे; पण एका मागोमाग एक वाचायला मजा येते. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघात, आणि त्याच दुसऱ्या संघात टायसन चँडलर, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेंडर! चँडलरला पत्रकारांनी निवडलं होतं, ऑल-डिफेन्सिव्ह संघ कोच निवडायचे. वर्षाला तुमच्याविरुद्ध दोन-चार सामने खेळणारा कोच मतपत्रिकेवर तेच नाव लिहितो ज्यानं दहा वर्षांपूर्वी त्याची झोप उडवली होती. २०१३-१४ पासून ही मतंही पत्रकारांकडे गेली, आणि ते मेले व्हिडिओ मागे नेऊन बघतात.

शिवाय २०२३-२४ पासून पुरस्कारासाठी ६५ सामने खेळण्याची अट आली. म्हणजे ८२ पैकी १७ सोडता येतात. लागोपाठच्या दोन रात्रींतली दुसरी सोडा, आणि ज्या संघाकडे तीन चपळ गार्ड आहेत त्याच्याशी असलेला सामना. सामना मोजला जायला साधारण २० मिनिटं कोर्टवर असावं लागतं. तेव्हा समोर कुणी फारच पळवायला लागला, तर मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगला हात लावण्याआधी घड्याळात एकविसावं मिनिट लागलंय ना, तेवढं बघून घ्या.