फक्त गॅस भरायचाय

जुनी गाडी विकणारा माणूस बाकी सगळं विसरेल, पण एक वाक्य विसरणार नाही. "एसी ना? काही नाही हो, फक्त गॅस भरायचाय." मग फक्त तेवढंच करायचं होतं तर त्यानेच का नाही भरला, हा प्रश्न मलाही पडला. गाडी दारात येऊन आठ दिवस झाल्यावर.

गाडी 1991 ची, जपानी, दोन दारांची, बसकी. हेडलाइट बॉनेटमध्ये मिटलेले असतात आणि बटण दाबलं की झोपमोड झाल्यासारखे उघडतात, डावा थोडा उशिराच. नाव सांगत नाही. तिच्याबद्दल वाईट लिहायचंय आणि उद्या तिच्यातूनच जायचंय. वळणावर ही गाडी माणसाला वीस वर्षांनी तरुण करते. सिग्नलला थांबलं की ती वर्षं व्याजासकट परत घेते. समोर निजलेली मोठी काच, खाली काळा डॅशबोर्ड, पायाशी इंजिनची ऊब, आणि केबिन एवढी की घाम पुसायला कोपर उचललं तर शेजारच्याला लागतं.

"काच खाली कर," बायको म्हणाली.

"खालीच आहे."

एसीचं काम तसं सोपं आहे. बंद नळ्यांचा फेरा असतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन तो द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्वच्या बारीक भोकातून सुटला की डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता केबिनमधून ओढून घेतो. पुन्हा कॉम्प्रेसर. यात काहीही जळत नाही, खर्च होत नाही. म्हणजे 'गॅस संपलाय' याचा अर्थ एकच, कुठेतरी गळतंय. घरच्या फ्रिजचं बरं असतं. मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच लोखंडी डब्यात कायमचे बंद, वर्षानुवर्षं कोणी विचारतही नाही. गाडीत कॉम्प्रेसरला पट्ट्याने फिरवायचं म्हणून त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो, इंजिन थरथरतं म्हणून रबरी होज लावावे लागतात, आणि जिथे जोड तिथे ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं. पळून जायला गॅसला इतके दरवाजे आहेत की तो मुळात थांबतो याचंच आश्चर्य.

बॉनेटखाली एसीत कुठला गॅस ते सांगणारं फिकट झालेलं स्टिकर होतं. आर-12. हा वायू शीतकरणात आणणाऱ्या थॉमस मिजलीने 1930 मध्ये भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध! पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. म्हणजे एकाच डोक्यातून दोन शोध, आणि दोन्ही पुढे जगाला निस्तरावे लागले. अशा वायूंनी ओझोनचा थर विरतोय हे कळल्यावर 1987 मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि विकसित देशांत 1995 च्या अखेरीस आर-12 बनवणं थांबलं. माझी गाडी मात्र अजून त्याच्याच वाटेकडे डोळे लावून होती.

आता भरायचा तो आर-134ए. पण जुनं खनिज तेल आणि हा नवा गॅस यांचं पटत नाही, एकमेकांत मिसळतच नाहीत. तेलाने तर गॅसचं बोट धरून कॉम्प्रेसरपर्यंत जायचं असतं. बोलणंच बंद म्हटल्यावर कॉम्प्रेसर कोरडा. म्हणून तेल बदला, ओ-रिंग बदला, वॉल्व्हचे जोड बदला, आणि नळ्या एकदा उघडल्या की ड्रायर बदलाच, कारण त्यातले दाणे हवेतली ओल पिऊन बसतात. 'फक्त'चा परीघ असा वाढत चालला.

आधी गळती शोधायची. गॅसमध्ये घालतात तो चमकणारा रंग आणायचाच होता, पण म्हटलं सहज टॉर्च मारून बघू. रात्री पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्च पेटवला, तर आधीच सगळं इंजिन हिरवं! कॉम्प्रेसर हिरवा, होज हिरवे, बॅटरीच्या ट्रेवरही ठिपके. जणू आकाशगंगेवर बॉनेट बसवलं होतं. माझ्याआधी कोणीतरी, बहुधा एकाहून जास्त जणांनी, 'फक्त गॅस' भरून पाहिला होता.

खरी जखम सापडली कंडेन्सरच्या जोडाला. तिथला अॅल्युमिनियमचा नट तीस वर्षांत पाइपाशी एकजीव झालेला. अशा ठिकाणी दोन पाने लावतात, एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. मी एकच लावला. नट फिरला, सोबत पाइपही फिरला, पिळलेल्या ओल्या टॉवेलसारखा. तो पाइपही यादीत गेला. आतली ओ-रिंग काढून तळहातावर घेतली. करंगळीत बसेल एवढी. कधीकाळी गोल असलेला तिचा काठ दाबून चौकोनी झाला होता. नखाने वाकवली तर कट् करून तुटली. एवढ्याशा काळ्या कड्यासाठी मी तीन आठवडे ऑफिसात ओला शर्ट घालून बसत होतो.

एक्सपान्शन व्हॉल्वसाठी डॅशबोर्ड खोलण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवणी ताज्या आहेत. त्या वयाच्या प्लास्टिकची प्रत्येक क्लिप निघते, पण एकदाच. कॉइलच्या पेटीत वाळकी पानं आणि उंदराने मांडलेल्या संसाराचे अवशेष मिळाले. सगळं परत बसवल्यावर तीन स्क्रू आणि बोटभर लांबीची एक वाकडी रबरी नळी उरली. जपानी माणसं काटेकोर, सुटे भाग जास्तीचे देत असावेत, अशी समजूत घालून मी त्या डबीत टाकल्या.

मग व्हॅक्यूम. पंप लावला की नळ्यांमधला दाब इतका उतरतो की आत राहिलेलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून निघून जातं. पाऊण तास पंप चालवला. नंतर बंद करून काट्यासमोर बसलो, तो हलला म्हणजे गळती शिल्लक. निकालाच्या दिवशीही इतकं टक लावून काही पाहिलं नसेल. काटा हलला नाही. वजनकाट्यावर मोजून गॅस भरला, तोही जुन्या आकड्यापेक्षा थोडा कमी, कारण आर-134ए तेवढा लागत नाही. बटण दाबलं.

काही नाही.

कॉम्प्रेसरच्या क्लचमधला चुंबक पुढच्या चकतीला ओढून घेतो तेव्हा 'टक' वाजतं आणि कॉम्प्रेसर फिरतो. चकती झिजून मधली फट वाढली होती, चुंबक बिचारा लांबूनच हात करत होता. फट मोजायचं फीलर गेज घातलं, जवळजवळ एक मिलिमीटर. हवी होती याच्या निम्मीच. आतला कागदासारखा पातळ वॉशर काढला, चकती परत बसवली, बटण दाबलं.

टक!

पाच मिनिटांत झोतासमोरचा थर्मामीटर सात अंशांवर आला. मी बायकोला हाक मारली. काचा वर करून आम्ही भर दुपारी निघालो. ती काही बोलत नव्हती, पण तिने झडप स्वतःकडे वळवून घेतली, हे मी पाहिलं. अर्धा तास असा गेला. मग एका वळणावर तिने पाय उचलला आणि खाली वाकून पाहिलं.

"ही गळते आहे."

"शक्यच नाही. गॅस थेंबभरसुद्धा गळत नाही."

"गॅस नाही, पाणी." तिच्या बुटातून ते ओतताही आलं असतं. कॉइलवर साठणारं पाणी गाडीखाली सोडायला एक नळी असते. बोटभर लांबीची, वाकडी, रबरी.

तिने बूट काढला आणि वाळायला झडपेपुढे धरला.

"कूलिंग मात्र छान आहे," ती म्हणाली.