‘त्यांची श्रद्धा’ म्हणजे नक्की कोणाची?

एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. आफ्रिकेतले नरबळी ही तिथली जुनी श्रद्धा आहे, गरिबी हटली की ती आपोआप जाईल, आपण त्यावर बोलणं म्हणजे गोऱ्यांचीच री ओढणं, आणि बोलून होतं तरी काय! शिकलेली मंडळीही तो मान डोलावत पुढे पाठवताहेत, म्हणून हे लिहितोय.

‘त्यांची श्रद्धा’ म्हणजे कोणाची? टांझानियात अल्बिनिझम असलेल्या, म्हणजे जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेल्या माणसांना (हे कोड नव्हे) मारून त्यांचे अवयव नेले जातात. मांत्रिकाने सांगितलेलं असतं की याने खाणीत सोनं लागेल, जाळं माशांनी भरेल. पण ज्या पोराचा पाय तोडला तेही टांझानियाचंच ना? आपल्याकडे परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते ७४ मध्ये गुप्तधनासाठी बायका-मुलींचे खून पडले. ती परभणीची संस्कृती आहे, गप्प बसा, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर?

गोऱ्यांची री म्हणाल तर पहिली हाक तिथूनच आली आहे. विकी एन्टेटेमा ही टांझानियाचीच पत्रकार. २००८ मध्ये ती गिऱ्हाईक बनून मांत्रिकांकडे गेली, त्यांचा धंदा उघडा पाडला आणि धमक्यांमुळे तिला लपावं लागलं. गॅबॉनमध्ये, ज्याचा मुलगा असाच मारला गेला त्या बापाने संघटना उभारली. तिथे २०१३ मध्ये राजधानी लिब्रेविलच्या रस्त्यावर मोर्चा निघाला.

या मुद्द्यात अर्धं खरं मात्र आहे. आफ्रिका म्हणजे चोपन्न देश, आणि झाडपाल्याची औषधं देणारा प्रत्येक वैदू खुनी नसतो. २०१५ मध्ये टांझानियाने मांत्रिकांवर बंदी आणली, तेव्हा दोनशेहून जास्त लोकांची धरपकड झाली, त्यांत वैदूही होते. तेव्हा बोलताना ‘आफ्रिकन लोक असेच’ म्हणणाऱ्याने खुशाल गप्प बसावं.

गरिबीचा मुद्दा तर साफ उलटा आहे. रेड क्रॉसच्या २००९ च्या अहवालात एका माणसाच्या सगळ्या अवयवांची किंमत ७५ हजार डॉलरपर्यंत सांगितली होती. कोणता गरीब कोळी हे पैसे मोजणार? लायबेरियातल्या हार्परमधल्या अशाच खुनांसाठी १९७९ मध्ये फासावर गेलेल्यांत एक लोकप्रतिनिधी होता आणि काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, प्रमुख अधिकारीही. मरतो गरीब, पण पैसे मोजणारा वेगळाच असतो, आणि ‘संस्कृती’ या शब्दाआड नेमका तोच लपतो.

राहिलं ‘बोलून काय होतं’. एन्टेटेमाच्या बातमीनंतर पुढच्याच वर्षी टांझानियात अशा खुनासाठी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने अशा हल्ल्यांविरुद्ध ठराव केला. त्याच वर्षी युगांडाने नरबळीविरोधी कायदा केला, आणि त्यात सुरी चालवणाऱ्याबरोबर नरबळीसाठी पैसे पुरवणाराही गुन्हेगार ठरतो.