लाल फिल्टर सरसकट नको
कॅमेऱ्यातल्या मोनोक्रोम (काळं-पांढरं) सेटिंगवरच्या लेखातला ‘मोनोक्रोमला लाल फिल्टर कायम लावून ठेवा’ हा सल्ला पटला नाही. (हा फिल्टर म्हणजे काच नव्हे, त्याच सेटिंगमधला पर्याय.) आकाश निळं असेल तरच तो ते गडद करतो. पावसाळ्यात साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावरचं आभाळ पांढरंफटक. तिथे आभाळ तसंच राहतं आणि हिरवा डोंगर मात्र काळाठिक्कर पडतो. त्यापेक्षा हिरवा फिल्टर लावा, गवत उजळतं. सांगलीच्या हळदीचं तर विचारूच नका! लाल फिल्टरखाली रास चुन्यासारखी पांढरी दिसते, हळकुंडांवरच्या रेघा पुसल्या जातात. तिथे फिल्टर काढा, एक्सपोजर उणे २/३ करा (म्हणजे फोटो थोडा गडद), उजेड बाजूने घ्या.

आणि रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) + जेपेग (तयार फोटो) अशा दोन्ही फाइल ठेवण्याचं सांगायचं राहिलंच की. काळं-पांढरं फक्त जेपेगमध्ये पक्कं होतं; रॉमध्ये रंग शाबूत असतात, फिल्टर चुकला तरी नंतर बदलता येतो.