टेक्सासच्या वर्गात कमरेला पिस्तूल?

भाचीला टेक्सासच्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला. पेढे संपायच्या आत घरच्या ग्रुपवर तो फिरता मेसेज येऊन पडला: 'अमेरिकेत शाळा-कॉलेजात बंदूक न्यायला बंदीच नाही. टेक्सासमध्ये पोरं कमरेला पिस्तूल लावून वर्गात बसतात. शाळेत हत्यारबंद माणूस ठेवला की गोळीबार थांबतात.' पाठोपाठ ताईचा फोन.

बंदी नाही हे साफ खोटं. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगणं १९९० च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरलं. १९९२ मध्ये सॅन अँटोनिओतला बारावीचा एक मुलगा रिव्हॉल्व्हर आणि पाच गोळ्या घेऊन शाळेत सापडला. चाळीस डॉलरसाठी ते दुसऱ्याला पोचवायचं होतं म्हणे. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कायदाच रद्द झाला. अनेकांना वाटतं, बंदुकीच्या हक्कामुळे. नाही! राज्याराज्यांमधल्या व्यापारावर केंद्राला कायदा करता येतो; शाळेजवळ बंदूक बाळगणं हा असा आंतरराज्य व्यापार नव्हे, तेव्हा त्यावर कायदा करायचा अधिकार केंद्राला नाही, एवढाच मुद्दा होता. १९९६ मध्ये 'आंतरराज्य व्यापारातून आलेली बंदूक' अशी पाचर मारून तोच कायदा परत आणला. तो आजही आहे. त्यात फट आहे ती अशी, की राज्याचा परवाना असलेल्याला त्या राज्यापुरती सूट मिळते. पण टेक्सासचा स्वतःचा कायदाही शाळेच्या इमारतीत बंदूक आणू देत नाही.

कमरेच्या पिस्तुलाची गोष्ट अर्धी खरी. १ ऑगस्ट २०१६ पासून टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला पिस्तूल बाळगता येतं. (ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला त्याच दिवशी पन्नास वर्षं झाली होती.) पण ते लपवून; दिसलं तर गुन्हा. २०२१ पासून रस्त्यावर परवान्याची सक्ती उरली नाही, कॅम्पसवर मात्र आहे. खासगी विद्यापीठांना नकार द्यायची मुभा होती. राइस, बेलर यांनी तो दिला. सरकारी विद्यापीठालाही काही जागा वगळता येतात. तिथे दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये पाटी लागते, अक्षरं किमान एक इंच उंच. तिला '३०.०६' म्हणतात, कलमाच्या आकड्यावरून. गंमत म्हणजे याच नावाचं रायफलचं एक प्रसिद्ध काडतूसही आहे.

हत्यारबंद माणसाबद्दल फार बोलायला नको. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा तिथे सशस्त्र पोलीस नेमलेला होता. तो बाहेरच थांबला, सतरा जण गेले. २०२२ मध्ये टेक्सासच्याच युव्हाल्डी गावातल्या शाळेत ३७६ पोलीस आणि अधिकारी जमले, तरी हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तिच्या शेजारी बसलेल्या मुलाकडे असू शकते?"

परवाना असेल तर, हो. आणि तिला ते कळणार नाही.