अशोक म्हणे!

आज सकाळी सोसायटीचं वृक्षारोपण होतं. यादीत ‘अशोक – 20’ वाचून मी हौसेने घमेलं घेऊन खाली गेले. टेम्पोतून उतरले ते आसूपालव! मंगल कार्यालयाच्या गेटवर उभे असतात ते हिरवे खांब. सोबत गुलमोहर आणि चक्क उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, दोन्ही परदेशी. म्हटलं, अहो, खरा अशोक म्हणजे सीताअशोक, हा तो नव्हे. तर उत्तर आलं, “मॅडम, झाड ते झाड. चला, फोटोला या.”

झाड ते झाड?

माझ्या आजोळी, संगमेश्वरजवळ, विहिरीच्या कडेला सीताअशोक होता. शिमग्याच्या आसपास अगदी खोडालासुद्धा केशरी गुच्छ चिकटायचे, मग लाल होत जायचे. एका वर्षी कुणीतरी आला, औषधाला थोडी साल हवी म्हणाला. आजी हो म्हणाली. त्याने बुंध्याभोवती गोल साल सोलून नेली. पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो, तर झाड वाळलेलं. आजी विहिरीवर जायची, पण तिकडे बघायची नाही.

असंच सोलून सोलून हे झाड आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या लाल यादीत, धोक्यात आलेल्यांत, गेलं. अशोकारिष्ट हे आयुर्वेदिक औषध याच्याच सालीचं. आणि गंमत बघा, त्या सालीत भेसळ कशाची करतात? आसूपालवाच्या सालीची! औषधात तोच, वृक्षारोपणातही तोच.

बरं, आसूपालवाची फळं वटवाघळं खातात, तोही इथलाच, मान्य. सीताअशोक उघड्या माळावर तग धरत नाही, कोवळेपणी सावली-पाणी लागतं, हेही मान्य. पण बी विंगच्या मागे दुपारनंतर सावलीच असते आणि टाकी रोज वाहून जाते. तिथे काय लावलं? उंदीरमारी! शिसव, बिबळा ही आपली इथली झाडं नाहीत. नरक्या हे झाड तर कॅन्सरच्या औषधापायी सह्याद्रीतून तोडून तोडून नेलं, त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही.

सेक्रेटरींना मी जरा जास्तच बोलले. बिचारे रविवारी पहाटे उठून नर्सरीत गेले होते, आणि तिथे जे मिळतं तेच आणणार ना.

सीताअशोकाचं बी फार टिकत नाही, पडलं की लगेच लावावं लागतं. झाड वाळायच्या आदल्या वर्षी आजीने ओच्यात बिया गोळा करून शेजारीपाजारी वाटल्या होत्या. त्यातलं एक झाड मावशीच्या परसात आहे. त्याची चार रोपं माझ्या बाल्कनीत, पिशव्यांत, वीतभर झालीत. दोन बी विंगच्या मागे लावणार, कुणी परवानगी देवो न देवो. उरली दोन. उन्हाळ्यात पाणी घालणार असाल तरच मागा.