नाव कशाला पाहिजे?

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर लोक काय काय सांगतात याला काही धरबंध नाही. मूळव्याध कधीपासून आहे, सासऱ्यांचं पोट कसं साफ होत नाही, सगळं मोठ्या आवाजात, मागे चार माणसं ताटकळत उभी असताना. आणि तोच माणूस मी रजिस्टर उघडून "काका, पेशंटचं नाव सांगा" म्हटलं की एकदम सावध होतो. "नाव कशाला पाहिजे?"

आता कशाला पाहिजे म्हणजे, सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, झोपेसाठी घेतात ते अल्प्राझोलाम, टीबीच्या गोळ्या अशी बरीच औषधं शेड्यूल एच वन नावाच्या सरकारी यादीत येतात, मार्च २०१४ पासून, पाकिटावर लाल चौकटीत सूचना पण असते (वाचतंय कोण). ती दिली की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कुठलं आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते ३ वर्षं सांभाळायचं. उठसूट अँटिबायोटिक खाऊन जंतू दाद देईनासे झालेत म्हणून हा सगळा उपद्व्याप. मी सुरुवातीला हे सगळं समजावून सांगायचे. एका काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं मग राहू दे, बिल नको."

काही जण सांगतात, पण काय तर "पाटील लिहा."

"पूर्ण नाव?"

"पाटीलच लिहा हो, सगळे ओळखतात."

आमच्या गावात! रजिस्टर वाचणाऱ्याला वाटेल एकच पाटील आहे बिचारा, त्याला टीबी, गुडघेदुखी आणि निद्रानाश एकाच आठवड्यात झालाय. डॉक्टरचं नाव विचारलं तर "ते नाही का, स्टँडच्या मागचे." चिठ्ठीवर बघावं तर सही म्हणजे नुसती एक रेघ. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं असा नियम २०१६ मध्ये आला, तो आमच्या स्टँडच्या मागे अजून पोचायचाय.

माझ्या सासऱ्यांना, आबांना, हे काही पटत नाही. त्यांच्या मते सगळं रजिस्टर त्यांच्या डोक्यात आहे, आणि खरंच आहे, अख्ख्या पेठेची शुगर त्यांना पाठ. पण ड्रग इन्स्पेक्टर आला की त्याला आबांचं डोकं कसं दाखवायचं?

दुसरं भांडण शिक्क्यावरून. औषध दिलं की चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि तारीख टाकायची असते, म्हणजे त्याच चिठ्ठीवर परत परत घेता येत नाही. तर लोक म्हणतात चिठ्ठी घाण केली.

परवा एक काकू आल्या, झोपेच्या गोळ्या पाहिजेत. नाव विचारल्यावर कुरकुर नाही, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, वर माहेरचं पण सांगितलं. मी खुशीत भराभर लिहून घेतलं आणि मग चिठ्ठी मागितली. पिशवीतून निघाली ती लॅमिनेट केलेली! "फाटायला लागली होती गं, नातवाने करून दिली." तारीख बघितली तर नातू तेव्हा बालवाडीत असेल.

मी म्हटलं काकू, ही नाही चालत, नवीन आणा.

"अगं मार की शिक्का." आणि माझ्या हातातला शिक्का घेऊन त्यांनीच मारला. शाई प्लॅस्टिकवर पसरली, तशी पदराने स्वच्छ पुसली आणि चिठ्ठी परत पुढे केली. "हं, झालं तुझं? आता दे."

नाही दिल्या. मग काकू काउंटरवर वाकून रजिस्टरमध्ये डोकावल्या.

"मग खोड माझं नाव त्यातनं. माहेरचं तर आधी खोड."