चक शुल्डिनरने खरंच सगळ्यांना हाकललं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

चक शुल्डिनरने काढलेल्या ‘डेथ’ या अमेरिकन डेथ मेटल बँडवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही अमळनेरहून लिहिलंय : "चकने एकेकाला हाकललं आणि दुसऱ्यांच्या मेहनतीवर नाव कमावलं, एवढंच खरं. बाकी भांडणं काय उगाळतो भो, संगीतावर लिही." वाजवणाऱ्यांची नावं मागे पडतात याची चीड मलाही येते. तरी तुमचे दोन्ही मुद्दे मला पटत नाहीत.

आधी हाकलण्याचं बघू. 1987 च्या पहिल्या अल्बमवर ड्रम वाजवणारा ख्रिस रायफर्ट कॅलिफोर्नियातच राहिला, चक फ्लोरिडाला परतला. ख्रिसने तिकडे ‘ऑटॉप्सी’ हा बँड उभा केला. यात कुणी कुणाला काढलं? पुढे आलेल्या स्टीव्ह डिजॉर्जियोचा स्वतःचा ‘सेडस’ हा बँड होता, पॉल मास्विडल आणि शॉन रेनर्टचा ‘सिनिक’. आपापला बँड सांभाळून ही मंडळी आली होती. आणि मेहनतीचं म्हणाल तर ‘लेप्रसी’ या दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवर बास गिटार वाजवणारा म्हणून टेरी बटलरचं नाव आहे, रेकॉर्डिंगमध्ये बास वाजवलाय चकनेच.

खरी ठिणगी पडली 1990 मध्ये. युरोपचा दौरा तोंडावर असताना चकने जायला नकार दिला. नियोजन धड नाही, असं त्याचं म्हणणं. ड्रमर बिल अँड्र्यूज आणि टेरी बटलर मात्र गेले. गायला आणि गिटारला दुसरी माणसं उभी केली, नाव ‘डेथ’च ठेवलं. तिकीट काढून आलेल्या पोरांसमोर चक नव्हताच! ऐनवेळी माघार घेणं वाईटच, तिथे मी चकची बाजू घेणार नाही. पण ज्याने बँड काढला, गाणी लिहिली, त्याला वगळून त्याच नावाने स्टेजवर चढणं त्याहून वाईट. माझं हे मत लेखातही होतं, आजही तेच आहे.

आता संगीत. आपल्याकडे लग्नसराईत बेंजोवाला उचल घेऊन दुसऱ्या मालकाकडे जातो, तरी वरातीत वाजायचं तेच वाजतं. ‘डेथ’चं तसं नव्हतं. त्या फुटीनंतर मास्विडल, रेनर्ट आणि डिजॉर्जियोला घेऊन चकने 1991 मध्ये ‘ह्यूमन’ हा अल्बम केला. अँड्र्यूजचा ठोका सरळ आणि दणकट होता. रेनर्टच्या हातात जॅझ होतं. खाली पायाने वाजणारे दोन बास ड्रम पळत असताना वर झांजांवर तो वेगळंच काही विणत राहतो. तसा ड्रमर नसता तर चकला तशा चाली सुचल्या तरी वाजल्या नसत्या. त्याच वर्षी अँड्र्यूज, बटलर आणि जुना गिटारिस्ट रिक रॉझ यांनी ‘मॅसॅकर’ या बँडमधून ‘फ्रॉम बियाँड’ हा अल्बम काढला. जड, थेट, जुन्या वळणाचा. मला तोही फार आवडतो. एकाच बँडच्या दोन वाटा एकाच वर्षात ऐकायला मिळतात, त्या भांडण वगळून समजावून कशा सांगायच्या?

एका बाबतीत मात्र तुमचा राग रास्त आहे. ‘ह्यूमन’च्या मूळ मिक्समध्ये डिजॉर्जियोचा बास दबून गेला होता. 2011 मध्ये अल्बम नव्याने मिक्स झाला, तेव्हा कुठे तो नीट ऐकू आला. तुमच्याकडे जुनी कॉपी असेल तर नवी जरूर ऐका.

पुढचा लेख ‘कॅनिबल कॉर्प्स’ या बँडवर आहे. 1995 मध्ये अल्बमचं काम चालू असतानाच गायक ख्रिस बार्न्सला काढून ‘मॉन्स्ट्रॉसिटी’च्या जॉर्ज फिशरला आणलं, ते सगळं त्यात येईल. तिथे हाकलणं खरोखरच झालं होतं, आणि मी तसंच लिहिणार आहे.